साडेसहा मीटरवरची बॅटरी: एका कॅम्पर व्हॅनच्या चार्जिंग केबलचे प्रकरण

पुण्यातील एका कुटुंबाने डिझेलवर चालणारी फोर्स ट्रॅव्हलर ३३५० ही प्रवासी गाडी कॅम्पर व्हॅनमध्ये बदलून घेतली. मागच्या भागात पलंग, लहान ओटा, फ्रीज, पंखे आणि पाण्याचा पंप आला. या सगळ्याला वीज पुरवण्यासाठी मागच्या कपाटात २०० अँपिअर-तास क्षमतेची, १२.८ व्होल्टची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बसवली गेली. गाडी चालू असताना ही मागची बॅटरी भरत राहावी, म्हणून पुढच्या स्टार्टर बॅटरीपासून मागेपर्यंत केबल टाकून मागच्या बॅटरीशेजारी ३० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर, म्हणजे पुढच्या बॅटरीकडून वीज घेऊन मागच्या बॅटरीला हव्या त्या व्होल्टला ती देणारे उपकरण, लावण्यात आला. प्रत्येक वस्तू चांगल्या दर्जाची होती आणि तिची किंमतही तशीच मोजलेली होती. फक्त केबलचा विचार सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी झाला होता.

तक्रार अशी होती की महामार्गावर चार्जर चालत असे, पण शहरातल्या कोंडीत किंवा टोलनाक्याच्या रांगेत, एसी आणि दिवे सुरू असताना, तो काही सेकंद चाले, बंद पडे आणि पुन्हा सुरू होई. हे चक्र सारखे चालू राही. दिवसभर प्रवास करूनही रात्री बॅटरी अपेक्षेपेक्षा बरीच रिकामी असे. चार्जर सदोष असावा, असा कुटुंबाचा समज झाला होता आणि एका गॅरेजने तर मोठा अल्टरनेटर (इंजिनच्या फिरण्यावर वीज तयार करणारे यंत्र) बसवण्याचा सल्ला दिला होता. दोन्ही निदाने चुकीची होती. गाडी तपासायला माझ्याकडे आली तेव्हा चार्जर उघडण्याआधी मी इंजिन सुरू ठेवून पुढच्या बॅटरीवरचे आणि चार्जरच्या तोंडाशी असलेले व्होल्टेज एकापाठोपाठ मोजले. पुढे १३.८ व्होल्ट होते आणि मागे ११.६. वाटेत २.२ व्होल्ट नाहीसे होत होते आणि केबलचे वेष्टन हाताला स्पष्टपणे गरम लागत होते.

आधीची निवड कशी झाली होती

गाडीत ६ चौरस मिलिमीटरची, घराच्या वायरिंगसाठी विकली जाणारी पीव्हीसी वायर टाकलेली होती. ती निवडताना निष्काळजीपणा झाला नव्हता. इंटरनेटवरील एका गणकयंत्रात ४० अँपिअर प्रवाह, १२ व्होल्ट, वाटेत व्होल्टमध्ये ३ टक्के घट आणि साडेसहा मीटर लांबी एवढी माहिती भरली गेली आणि उत्तर आले ‘६ गेज’. दुकानात जाऊन ६ नंबरची वायर मागितली गेली आणि दुकानदाराने त्याच्याकडे असलेली ६ चौरस मिलिमीटरची वायर दिली.

येथे दोन चुका एकमेकींवर चढल्या. पहिली चूक लांबीची. त्या गणकयंत्राला जाण्या-येण्याची एकूण लांबी हवी होती, कारण प्रवाह पॉझिटिव्ह तारेने मागे जातो आणि निगेटिव्ह तारेने पुढे परततो, आणि दोन्ही तारांत व्होल्ट खर्च होतात. साडेसहा मीटर अंतरासाठी १३ मीटर तार धरायला हवी होती. दुसरी चूक मापाच्या पद्धतीची. अमेरिकन वायर गेजमधील ६ गेज म्हणजे सुमारे १३.३ चौरस मिलिमीटर. अमेरिकन गेजमध्ये आकडा वाढला की तार बारीक होते, तर चौरस मिलिमीटरमध्ये आकडा वाढला की ती जाड होते, त्यामुळे ६ हा आकडा दोन्हीकडे सारखा दिसला तरी त्यामागचे तांबे निम्म्याहून कमी निघाले. आपल्या बाजारात कोणतीही जाड केबल घेताना माप चौरस मिलिमीटरमध्येच बोलावे आणि वेष्टनावर छापलेले तेच माप वाचून घ्यावे.

यानंतर ज्या तक्त्यावर विसंबून ती वायर ‘चालेल’ असे ठरले, त्याकडेही पाहायला हवे. भिंतीतील नळीतून जाणाऱ्या ६ चौरस मिलिमीटरच्या पीव्हीसी वायरच्या जोडीला सुमारे ४१ अँपिअर झेपतात, हा प्रचलित आकडा बरोबर आहे, पण तो ३० अंश सेल्सिअस परिसर-तापमानासाठी आहे. एप्रिल-मे महिन्यांत गाडीच्या बॉनेटखाली आणि चासीच्या बाजूने ५० अंश धरणे अजिबात अतिशयोक्त नाही, आणि त्या तापमानाला पीव्हीसीसाठी ०.७१ हा गुणक लावावा लागतो. म्हणजे ४१ अँपिअरचे २९ अँपिअर उरतात. या वायरमधून तर ४२ अँपिअर वाहत होते.

व्होल्टचा हिशोब

वायर जळेल का, या प्रश्नाचे उत्तर अँपिअरचा तक्ता देतो. पलीकडच्या टोकाला किती व्होल्ट पोचतील, हे तो सांगत नाही, आणि १२ व्होल्टच्या गाडीत केबलची निवड बहुतेक वेळा याच दुसऱ्या प्रश्नावर ठरते. घरातील २३० व्होल्टच्या जोडणीत दोन व्होल्ट कमी पोचले तर एक टक्काही फरक पडत नाही, पण १२ व्होल्टमध्ये दोन व्होल्ट म्हणजे सहावा हिस्सा.

प्रथम चार्जर किती प्रवाह ओढतो ते काढले. बाहेर ३० अँपिअर आणि भरत आलेल्या बॅटरीचे १४.४ व्होल्ट, म्हणजे ४३२ वॅट. बॅटरी बराच काळ १३.५ व्होल्टच्या आसपास राहते, त्यामुळे प्रत्यक्ष भार काहीसा कमी असतो, पण हिशोब कठीण बाजूने केलेला बरा. चार्जरची कार्यक्षमता सुमारे ८७ टक्के धरली तर आत ४९६ वॅट लागतात. साडेबारा व्होल्टला याचे जवळजवळ ४० अँपिअर होतात. पुष्कळ जण येथेच ३० अँपिअर धरून केबल घेतात, कारण चार्जरवर तोच आकडा छापलेला असतो, पण तो बाहेर पडणाऱ्या प्रवाहाचा आकडा असतो.

आता या प्रकरणाचा खरा गाभा. असा चार्जर दिव्यासारखा वागत नाही. दिव्याला व्होल्ट कमी मिळाले तर तो मंद होतो आणि कमी प्रवाह ओढतो. चार्जरला मात्र बाहेर ठरलेले वॅट द्यायचे असतात, म्हणून व्होल्ट कमी मिळाले की तो अधिक प्रवाह ओढतो. अधिक प्रवाहाने केबलमधील घट वाढते, घट वाढली की व्होल्ट आणखी कमी होतात, आणि चार्जर आणखी प्रवाह मागतो. केबल पुरेशी जाड असेल तर हे चक्र लवकर एका जागी स्थिरावते. ती बारीक असेल तर ते अशा ठिकाणी स्थिरावू पाहते जिथे चार्जर चालूच शकत नाही.

बारीक तारांच्या लवचिक तांब्याच्या केबलसाठी मानकांतील कमाल रोध २० अंशांना असा आहे: ६ चौरस मिलिमीटरला किलोमीटरमागे ३.३० ओहम, १६ ला १.२१, २५ ला ०.७८० आणि ३५ ला ०.५५४. तांबे ६० अंशांपर्यंत तापले की हा रोध सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो. तेरा मीटर जुन्या वायरचा तापलेला रोध ०.०४९६ ओहम येतो. महामार्गावर पुढे १३.८ व्होल्ट असताना प्रवाह ४२.४ अँपिअरवर स्थिरावतो आणि चार्जरला ११.७ व्होल्ट मिळतात. मोजलेले ११.६ व्होल्ट याच्या अगदी जवळचे आहेत, कारण उरलेला दशांश जोडांमध्ये जात होता. अशा स्थितीत ८९ वॅट निव्वळ वायर तापवण्यात खर्ची पडत होते.

कोंडीत इंजिन मंद फिरते, अल्टरनेटर तापलेला असतो, एसीचे पंखे आणि दिवे सुरू असतात, आणि पुढच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच राहतात. (अलीकडच्या अनेक गाड्यांत तर इंधन वाचवण्यासाठी अल्टरनेटरचे व्होल्टेज मुद्दाम खाली आणले जाते, त्यामुळे १४ व्होल्ट गृहीत धरून केबल निवडणे आता धोक्याचे झाले आहे.) या १२.६ व्होल्टवर जुन्या वायरचा हिशोब केला तर प्रवाह ४८.७ अँपिअर आणि चार्जरच्या तोंडाशी १०.२ व्होल्ट येतात. चार्जर ११.५ व्होल्टच्या खाली बंद आणि १२.५ व्होल्टच्या वर पुन्हा सुरू, असा लावलेला होता. तो बंद झाला की प्रवाह थांबे, प्रवाह थांबला की घट शून्य होऊन पुन्हा १२.६ व्होल्ट दिसत, चार्जर सुरू होई आणि लगेच पडे. कुटुंबाला सदोष वाटणारा चार्जर आपले काम नेमके करत होता. मोठा अल्टरनेटर बसवला असता तर बराच खर्च होऊनही वायर तापतच राहिली असती.

किती जाडी पुरेशी, याचा पहिला अंदाज साध्या गुणाकाराने येतो. तांब्याची रोधकता ०.०१७२ घ्यावी, तिला मीटरमधील जाण्या-येण्याच्या लांबीने आणि अँपिअरने गुणावे, आणि चालणाऱ्या घटीच्या व्होल्टने भागावे. येथे ०.०१७२ गुणिले १३ गुणिले ४०, भागिले ०.३६ (१२ व्होल्टचे ३ टक्के). उत्तर २४.८ येते, म्हणजे बाजारातील २५ चौरस मिलिमीटर. नंतर हेच तापलेल्या तांब्यावर आणि १२.६ व्होल्टच्या वाईट स्थितीत पडताळले. १६ चौरस मिलिमीटरने चार्जरला ११.८ व्होल्ट मिळतात. कागदावर हे चालते, पण फ्यूज आणि लग (केबलच्या टोकाला दाबून बसवायचा, बोल्टसाठी छिद्र असलेला धातूचा तुकडा) यांची घट वजा केली तर बंद पडण्याच्या मर्यादेवर जेमतेम दोन दशांश व्होल्ट उरतात, आणि दोन पावसाळ्यांनंतर एखादा लग गंजला की तेही जातील. २५ ने १२.१ व्होल्ट मिळतात. ३५ ने सुमारे १२.३, म्हणजे पुढे केवळ ०.१४ व्होल्टचा फायदा, आणि त्यासाठी सव्वापटीहून अधिक तांबे, अधिक ताठ केबल व अवघड वळणे. निवड २५ वर थांबली.

केबल जाड करण्याआधी तिची लांबी कमी करता येते का, हे पाहणे मी नेहमी महत्त्वाचे मानतो. मागची बॅटरी चालकाच्या आसनामागील बाकाखाली आणली असती तर अंतर तीन मीटरवर आले असते आणि १६ चौरस मिलिमीटर निश्चिंतपणे पुरले असते. या गाडीत मात्र त्या जागी पाण्याची टाकी होती आणि मागचे फर्निचर पक्के झाले होते. गाडी अजून रिकामी असेल तर बॅटरीची जागा आधी आणि पलंगाची जागा नंतर ठरवावी, इतका हा मुद्दा मोलाचा आहे. चार्जर मात्र मागेच ठेवावा. तो आत येणाऱ्या कमी व्होल्टची भरपाई करू शकतो, पण स्वतःच्या पुढे असलेल्या लांब तारेतील घटीची भरपाई तो सहसा करत नाही.

केबलची जात

घरगुती वायर भिंतीत स्थिर राहण्यासाठी असते. गाडीत केबल सतत थरथरते, म्हणून तिच्यात बारीक तारा जितक्या अधिक तितके चांगले. आपल्याकडे यासाठी सहज मिळणारी उत्तम वस्तू म्हणजे रबरी वेष्टनाची वेल्डिंग केबल, आयएस ९८५७ मानकाची आणि एचओएफआर वेष्टनाची, म्हणजे उष्णता व तेल सोसणारी आणि ज्वाला पसरू न देणारी. ती पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लोहार चाळीत मीटरवर मिळते.

खरेदीत सावधगिरी हवी ती धातूची. वेल्डिंग केबल ॲल्युमिनियमचीही असते, आणि तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची केबल वरून अगदी तांब्यासारखी दिसते. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या सुमारे १.६ पट असल्यामुळे अशी २५ ची केबल १६ च्या तांब्याइतकेच काम करते. एक तार ब्लेडने खरवडली की आत पांढरा धातू दिसतो. याहून खात्रीचा उपाय वजनाचा आहे. २५ चौरस मिलिमीटर तांब्याचे वेष्टन काढलेले एक मीटर सुमारे २२० ग्रॅम भरते आणि ॲल्युमिनियमचे ७० ग्रॅमही भरत नाही. माप कमी भरलेली तांब्याची केबलही या एकाच कसोटीत पकडली जाते. आम्ही विकत घेण्यापूर्वी अर्धा मीटर तुकडा घेऊन तो सराफी वजनकाट्यावर तोलला.

एक अडचण दुकानात लक्षात येत नाही. चार्जरच्या स्क्रूच्या खाचेत जास्तीत जास्त १६ चौरस मिलिमीटरची केबल बसत होती. अशा वेळी काही कारागीर जाड केबलच्या काही तारा कापून ती आत कोंबतात, आणि मग ती जागा तापण्याचे ठिकाण होते. येथे चार्जरपासून ३० सेंटिमीटरवर तांब्याच्या पट्टीचा बसबार बसवला, २५ ची केबल तिथे लगने संपवली आणि पुढचा लहान तुकडा १६ चा घेतला. या तुकड्याच्या जाण्या-येण्यात तीन शतांश व्होल्ट जातात. चार्जरपासून मागच्या बॅटरीपर्यंतचे सव्वा मीटरही १६ मध्येच केले.

परतीचा मार्ग म्हणून आधी चासी वापरलेली नव्हती आणि आताही वापरली नाही. पोलादाचा रोध तांब्याच्या अनेक पट असला तरी चासीचे आकारमान मोठे असल्याने ती स्वतः फार व्होल्ट खात नाही. खातात ते तिच्यावरचे जोड, रंगाखालचा गंज आणि कोकणच्या खाऱ्या हवेत सैल होत जाणारे बोल्ट. स्वतंत्र निगेटिव्ह केबल तितकीच जाड घेतली आणि ती पुढे बॅटरीजवळच्या मूळ अर्थिंगच्या बोल्टवर जोडली. ज्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर प्रवाह मोजणारा सेन्सर असतो, तिथे केबल थेट बॅटरीच्या टोकावर लावली तर हा प्रवाह सेन्सरला दिसत नाही आणि गाडीचा बॅटरीचा हिशोब चुकतो, म्हणून ती बॉडीच्या बाजूलाच लावावी. इंजिनपासून बॉडीला जाणारी मूळ अर्थपट्टीही तपासून घेतली. ती तुटलेली असती तर स्टार्टरचा शेकडो अँपिअरचा प्रवाह परतीसाठी आपली नवी केबल शोधू शकला असता.

फ्यूज

जुन्या वायरवर पुढे ८० अँपिअरचा फ्यूज होता आणि मागे काहीच नव्हते. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच होती, कारण लोक झोपतात त्या गाडीत २९ अँपिअर झेपणाऱ्या वायरचे रक्षण ८० अँपिअरचा फ्यूज करू शकत नाही. वायर चासीला घासून शॉर्ट झाली असती तर पलंगाखालचे वेष्टन फ्यूजच्या आधी वितळू शकले असते. फ्यूज चार्जरसाठी नसतो, केबलसाठी असतो. तो नेहमीच्या प्रवाहापेक्षा साधारण सव्वापट मोठा आणि केबलच्या त्या तापमानातील क्षमतेपेक्षा लहान हवा. ४२ अँपिअरचे सव्वापट ५२ होतात. २५ चौरस मिलिमीटरच्या जोडीचे पीव्हीसीच्या कडक तक्त्यानुसार १०१ अँपिअर धरले, तर ५० अंशांना ७२ उरतात, आणि रबरी केबलला त्याहून अधिक झेपते. म्हणून ६० अँपिअर निवडला. केबिनमधील १६ च्या तुकड्यालाही ४० अंशांना ६६ अँपिअर झेपतात, त्यामुळे तोही या फ्यूजखाली सुरक्षित राहतो.

या केबलच्या दोन्ही टोकांना ऊर्जेचा स्रोत आहे, म्हणून फ्यूजही दोन लागतात, आणि प्रत्येक आपापल्या बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ. मागच्या लिथियम बॅटरीचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की शॉर्ट झाल्यास हजारो अँपिअर वाहू शकतात. तो प्रवाह तोडण्याची क्षमता साध्या काचेच्या किंवा पात्याच्या फ्यूजमध्ये नसते, म्हणून तेथे उच्च तोडक्षमतेचा क्लास टी फ्यूज लावला. घरातील एसी एमसीबी (जास्त प्रवाह झाला की आपोआप पडणारा स्विच) याजागी वापरण्याची पद्धत आपल्याकडे दिसते, ती तत्काळ सोडावी. एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जातो, त्यामुळे संपर्क सुटताना निघालेली ठिणगी विझते. डीसीमध्ये असे शून्य येत नाही आणि ठिणगी संपर्कांमध्ये तेवत राहू शकते.

बसवणी आणि मोजमाप

गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर, ३.३५ मीटर असताना केबल साडेसहा मीटर कशी लागली, असे कुटुंबाने विचारले. मार्ग दोरीने मोजूनच हे समजते. सायलेन्सर आणि डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर ज्या बाजूला आहेत ती बाजू टाळावी लागते, कारण फिल्टर स्वतःची काजळी जाळतो तेव्हा त्यातील तापमान ५५० अंशांच्या वर जाते. इंधनाच्या नळीपासून अंतर ठेवावे लागते आणि चढ-उतार व वळणे घ्यावी लागतात. केबल लवचिक नळीतून नेऊन दर ३० सेंटिमीटरवर क्लॅम्पने धरली आणि पत्र्यातील प्रत्येक छिद्राला रबरी ग्रॉमेट लावले.

लग कथिलाचा मुलामा असलेले तांब्याचे घेतले आणि षटकोनी साच्याच्या हायड्रॉलिक प्रेसने दाबले. हातोडीने ठोकलेला लग बाहेरून घट्ट दिसतो, पण त्यात दोन मिलिओहम रोध राहिला तरी ४० अँपिअरला त्या एका बिंदूत तीन वॅटहून अधिक उष्णता तयार होते. डाख देणे टाळले, कारण कथिल तारांमध्ये चढून लगच्या मागचा भाग ताठ करते आणि थरथरीने केबल नेमकी तिथे तुटते. लगवर आतून गोंद असलेली, उष्णतेने आवळणारी हीट-श्रिंक नळी चढवली.

काम झाल्यावर पहिल्यासारखेच मोजमाप केले. पुढे १३.८ व्होल्ट असताना चार्जरच्या तोंडाशी १३.३ आले आणि डीसी क्लॅम्प मीटरने आत जाणारा प्रवाह ३७ अँपिअर दाखवला. आधीपेक्षा पाच अँपिअर कमी आणि बॅटरीत जाणारी ऊर्जा तेवढीच, ही बचत अल्टरनेटरच्या बाजूने झाली. मग इंजिन मंद गतीवर ठेवून एसी आणि सर्व दिवे लावले. पुढे १२.६, मागे १२.०, आणि चार्जर अर्धा तास अखंड चालू राहिला. त्यानंतर मीटर लहान मापावर लावून प्रत्येक फ्यूज आणि प्रत्येक लगच्या आरपार घट वेगवेगळी मोजली आणि ते आकडे कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला तारखेसह लिहून ठेवले. दर पावसाळ्यानंतर बोल्ट तपासून, त्याच भारावर तीच मोजणी करायची आणि एखाद्या जोडाची घट दुप्पट झालेली दिसली तर तो जोड उघडून स्वच्छ करायचा, असे कुटुंबाशी ठरले आहे.